उत्तर देणारा पट्टा

प्राणीवर्तन प्रयोगशाळेच्या काचेपलीकडे चिपळी नावाची तपकिरी गावठी कुत्री शेपटी हलवत उभी होती. काचेच्या अलीकडे तिचे मालक नांदगावकरबुवा ध्वनिमुद्रकासमोर घाम पुसत बसले होते.

"बुवा, फक्त 'बास' म्हणायचं. आखूड, कोरडं," डॉ. रेणुका धोंगडे म्हणाल्या.

"बाऽऽस," बुवांनी सूर लावला.

यंत्रतज्ज्ञ फिरोज आत्तारला हसू आवरेना. "बुवा, हिला गप्प करायचंय. तुम्ही तर तिला टाळ धरायला बोलावताय!"

"पन्नास वर्षं कीर्तन केलंय, आत्तारसाहेब. कोरडं बोलायला कुणी शिकवलंच नाही."

ते पन्नास वर्षांचं कीर्तन दोन वर्षांपूर्वी गळ्याच्या शस्त्रक्रियेनं थांबलं होतं. उरलेला आवाज फाटक्या कागदासारखा होता. आवाज गेला तशी माणसंही गेली. नाशिकच्या 'मौनविहार' संकुलात, नवव्या मजल्यावर, आता बुवा होते आणि चिपळी. ते तिच्यासमोर हळू आवाजात आख्यान लावत, आणि ती मान वाकडी करून ऐके.

पण संकुलाचा नियम कडक होता. एका प्राण्याविरुद्ध दहा तक्रारी झाल्या की त्याची रवानगी शहराबाहेरच्या निवाऱ्यात. चिपळीच्या नावावर सात झाल्या होत्या. दोन आठवडे खोबऱ्याचे तुकडे खर्ची घालून रेणुकांनी तिला 'बास' म्हटल्यावर थांबायला शिकवलं होतं, आणि ती थांबतही होती. अडचण दुपारची होती. बुवा तीन ते पाच देवळात दुसऱ्यांची कीर्तनं ऐकायला जात. घरी हुकूम द्यायला कुणी नसे, आणि चिपळी भुंकत राही.

म्हणून फिरोजनं पट्टा बनवला. कुत्रं भुंकण्याआधी सेकंदाचा तिसरा हिस्सा त्याच्या गळ्याचे स्नायू ताठ होतात. पट्ट्यातला कंठसंवेदक ही भुंकण-ऊर्मी पकडी, आणि भुंकणं बाहेर पडायच्या आत बुवांच्या आवाजात 'बास' असा हुकूम सोडी.

पहिल्या चाचणीत चिपळी थांबली, इकडे तिकडे पाहू लागली, आणि दहा सेकंदांनी पुन्हा भुंकली. मग आणखी जोरात.

"ऊर्मी वाढतेय, मॅडम," फिरोज पडद्याकडे पाहत म्हणाला.

"वाढणारच. तिला काय हवंय ते न देताच आपण तिचं तोंड बंद करतोय." रेणुकांनी खुर्ची ओढली. "ती भुंकते ती बातमी द्यायला. लिफ्ट वाजली, दाराशी कुणी आलं, मी एकटी आहे. बातमी पोचली की तिचं काम संपलं. पोचली की नाही हेच कळलं नाही, तर ती पुन्हा पुन्हा सांगणार. तिला हुकूम नको, पोच द्या."

"पण उत्तर मिळायला लागलं की भुंकायची चटकच लागेल ना?"

"नुसत्या आवाजानं लागली असती. पण या आवाजाचा माणूस रोज पाच वाजता दारात उभा राहतो, हे तिला ठाऊक आहे. त्या भरवशावर ती गप्प बसेल. माणूस यायचा थांबला तर हा पट्टा दोन दिवसांत निकामी होईल."

त्यांनी बुवांना नवा शब्द दिला: 'ऐकलं'.

बुवांनी ध्वनिमुद्रक जवळ ओढला. "डॉक्टरबाई, जन्मभर मी सांगत आलो. हे म्हणायची वेळच आली नाही हो." मग काचेपलीकडे पाहत ते म्हणाले, "ऐकलं गं बाई."

फिरोजनं तेच मुद्रित केलं.

बारा दिवसांत चिपळीच्या ऊर्मी दिवसाला दीडशेवरून अकरावर आल्या. भुंकणं शून्य. बुवांनी प्रयोगशाळेत पेढे पाठवले. आणि त्याच आठवड्यात आठवी तक्रार आली. मग नववी. 'नवव्या मजल्यावरचा कुत्रा सारखा भुंकतो.'

फिरोजनं नोंदी तपासल्या. दोन्ही वेळा चिपळी झोपलेली होती. तो तडक संकुलाच्या व्यवस्थापकाकडे गेला आणि तासाभरानं प्रयोगशाळेत परतला. रेणुकांसोबत बुवाही वाट पाहत बसले होते.

"सगळ्या तक्रारी एकाच घरातून आहेत. बाराशे चार, पद्मजा सोनटक्के. व्यवस्थापक म्हणतो, मी काय करू? पूर्वी आमचं माणूस तक्रारदाराच्या घरी सही घ्यायला जायचं. मार्चपासून सगळं आपोआप चालतं. तक्रार केली की लगेच संदेश जातो, 'आपली तक्रार आम्ही ऐकली आहे'."

"मार्चआधी किती होत्या?"

"वर्षभरात दोन. बाकीच्या सात मार्चनंतर."

रेणुका त्या आकड्यांकडे पाहत राहिल्या. "फिरोज, हा आलेख मी आधी पाहिलाय. 'बास' म्हटल्यावर चिपळीचा असाच चढला होता."

"म्हणजे?" बुवांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही वर जा, बुवा. दहावी यायच्या आत."

दुसऱ्या दिवशी दुपारी चिपळीला साखळीनं धरून बुवा बाराव्या मजल्यावर गेले. दार उघडणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या, नीट विंचरलेल्या पांढऱ्या केसांच्या. बुवांनी हात जोडले आणि सुरुवात केली. पट्टा, ऊर्मी, पोच, त्यावर एक दृष्टांत, दृष्टांतावर उपदृष्टांत. बाई त्यांच्या ओठांकडे पाहत मान डोलवत होत्या. वीस मिनिटं झाली. आख्यान संपल्यावर जे व्हायचं तेच सवयीनं झालं. बुवांनी दोन्ही हात वर केले. "बोला, पुंडलिक वरदे..."

आणि ते थांबले.

ही जागा पन्नास वर्षांत कधी रिकामी राहिली नव्हती. चपला घालून निघालेला माणूससुद्धा मंडपाच्या दारातून ती भरून जायचा. बाई नुसत्या हसत उभ्या होत्या.

बुवांचे हात सावकाश खाली आले.

"तुम्ही काहीतरी छान बोलत होतात," बाई म्हणाल्या, जरा चढ्या आवाजात. "पण मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. नसच मेली म्हणतात, यंत्राचाही उपयोग नाही. बसा ना."

बुवांनी मोबाइलवर लिहिलं: 'मग हिची तक्रार?'

बाईंचा चेहरा उतरला. "लिफ्टमध्ये पाहिली होती हिला, तोंड उघडताना. म्हटलं, भुंकत असणार. तक्रार केली की सही घ्यायला एक मुलगी यायची. चहा घ्यायची, दहा मिनिटं बसायची. मग यायची बंद झाली. मला वाटलं, तक्रार पोचत नसेल. म्हणून परत केली. परत केली. हिला घालवतील, हे कुठं ठाऊक होतं मला?"

मग त्या बोलू लागल्या. कॉलेज रोडला त्यांची खानावळ होती. एक मुलगा बाजरीच्या अकरा भाकऱ्या खायचा आणि वर विचारायचा, "मावशी, आज हात आखडता का?" त्याच्या परीक्षेच्या दिवशी त्या स्वतः जेवल्या नव्हत्या. दोन तास हे चाललं. दोनदा बुवांच्या जिभेवर दृष्टांत आला. दोनदा त्यांनी तो गिळला.

निघताना त्यांनी लिहिलं: 'तक्रारी मागे घ्याल?'

"आत्ता घेते. पण मग तुम्हाला यायचं कारण काय राहिलं?"

'मी उद्या तीनला येईन. तुमचं ऐकायला.'

बाईंनी वाचलं आणि त्या राग न धरता म्हणाल्या, "ऐकलं म्हणून तर तो संकुलाचा आपोआप येणारा संदेशही सांगतो."

बुवा खाली वाकले, त्यांनी चिपळीच्या गळ्यातला पट्टा सोडला, साखळी तिच्या साध्या गळपट्ट्यात अडकवली आणि दुसरं टोक बाईंच्या हातात दिलं. बाई साखळीकडे पाहत राहिल्या, मग बुवांकडे. चिपळी कुं कुं करू लागली. "इथंच बस," बुवा म्हणाले, आणि मागं न बघता जिना उतरले.

त्या दिवशी घरात चहाचं भांडं ठेवल्याचासुद्धा आवाज मोठा वाटला. वरून भुंकणं ऐकू आलं, एकामागून एक. मग ते थांबलं. बुवा वर पाहत बसले. बाईंना ऐकू येत नाही, मग हिला पोच दिली कुणी?

रेणुकांचा फोन आला. "बुवा, संकुलाचं कळलं. नऊच्या नऊ तक्रारी मागे घेतल्यात. पण पट्ट्याची नोंद बंद का आहे? चिपळी कुठंय?"

"वर आहे."

"मग तुम्ही?"

"मी खाली," बुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तीनला ते बाराव्या मजल्यावर लिफ्टमधून उतरले. घंटेचं बटण दाबून आतला दिवा लागायच्या आधीच दार उघडलं. पद्मजाबाई दारात उभ्या होत्या, एक हात चिपळीच्या गळ्याखाली, तळवा नीट टेकलेला.

"या," त्या म्हणाल्या. "हिचा गळा ताठ झाला. हिनंच सांगितलं, कुणीतरी आलंय."

चिपळीनं शेपटी हलवली. पण ती भुंकली नाही, की त्या हाताखालून उठून बुवांकडे आली नाही. बुवांनी चपला काढल्या आणि ते आत जाऊन समोरच्या खुर्चीवर बसले.