चार बोटं कोरी जागा

अब्बा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी दोनदा चहा सांडला आणि दोन्ही वेळा दोष स्टुलाला दिला. दुबईच्या रास अल खोरमधलं आमचं फ्रेमचं वर्कशॉप, गुरुवारची दुपार. मी काच पुसत होते.

"अरफा, तुझा चित्रकार आला बघ."

"माझा कशाला, अब्बा? गिऱ्हाईक तुमचं."

जत्मिको दारात हसत उभा होता, बगलेत गुंडाळलेलं कापड. जावा बेटावरून अकरा वर्षांपूर्वी दुबईत आलेला. आधी हॉटेलांच्या भिंतींवर खजुराची झाडं रंगवायचा. "चारशे बारा झाडं," तो सांगायचा, "एकालाही खजूर लागला नाही." आता स्वतःची चित्रं काढायचा, आईकडून शिकलेल्या पद्धतीने. जिथे रंग नको तिथे आधी वितळलेलं मेण लावायचं, मग कापड रंगात बुडवायचं.

आमची ओळख झाली ती अब्बांच्या चुकीमुळे. दीड वर्षापूर्वी त्याच्या पहिल्या चित्रात उजवीकडे चार बोटं जागा कोरी होती. अब्बांना वाटलं, कापड उरलंय. त्यांनी ती पट्टी चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली व्यवस्थित झाकली. जत्मिको फ्रेमकडे बघतच राहिला... आणि हळूच म्हणाला, "चाचा, मेरा दरवाजा बंद कर दिया."

"कसलं दार?" मी हिंदीत विचारलं.

"सगळं मीच भरून टाकलं, तर बघणाऱ्याने आत कुठून यायचं?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई सांगते, जे जपायचं ते आधी ठरव. रंग नंतर."

"आणि आत कोणी आलंच नाही तर?"

"थांबायचं... मला थांबता येतं."

मी पुसलेली काच पुन्हा पुसली. अब्बांनी फ्रेम खोलून नव्याने बांधली, आणि तो दर गुरुवारी येऊ लागला; चित्र असो, नसो.

त्या गुरुवारी मात्र चित्र होतं. निळं पाणी, एक होडी, उजवीकडे तीच कोरी जागा.

"प्रदर्शनासाठी?" मी विचारलं.

"नाही. मला लिस्बनला वर्षभराचं काम मिळालंय. हे इथेच ठेवून जाणार."

"कोणाकडे?"

"चाचांना सांगितलंय." तो दाराकडे वळला. "तू विचारलंस, हे बरं केलंस."

तो गेल्यावर अब्बांनी पेन्सिल कानामागे खोचली. "काय गो, आवडतो ना तो तुला?"

"काहीतरीच, अब्बा!"

"बरं बरं. यल्ला, तू गाडीत बस. मी दहा मिनिटांत आलोच."

दहा मिनिटांचा तास झाला. अजमानला घरी पोचेपर्यंत मी त्यांच्यावर धुसफुसत होते, आणि ते शीळ घालत होते.

शुक्रवारी पहाटे फजरच्या नमाजला अब्बा उठले नाहीत.

जत्मिकोने जनाज्याला खांदा दिला. पुढे रोज आमच्या घरी येऊन तो पुरुषांमध्ये बसायचा. चाळिसावा त्यांच्या जावातही करतात. त्या दिवशी त्याने अप्प्यांसारखे तांदळाचे गोड गोळे स्वतः करून आणले. थोडे करपले होते. तरी अम्मीने दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉप उघडलं. तो निरोप घ्यायला आला होता. विमान चार दिवसांनी होतं. अब्बांच्या टेबलावर जुन्या चादरीत काहीतरी गुंडाळलेलं होतं. दोघांनी मिळून चादर सोडवली. निळं पाणी. होडी. या वेळी पुठ्ठा लावलेलाच नव्हता. चार बोटं कोरी जागा पूर्ण उघडी.

मी सवयीने फ्रेम उलटी केली. गिऱ्हाइकाचं नाव अब्बा नेहमी मागे पेन्सिलीने लिहीत. तिथे त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं — अरफा.

त्याच्या बोटाचं टोक माझ्या बोटाला लागलं. त्याने हात काढला नाही, मीही नाही.

"हो, अब्बा," मी मोठ्याने म्हणाले. "आवडतो मला."

जत्मिकोला मराठी फार येत नव्हती, पण एवढी येत होती. "हे चाचांना सांगितलंस?"

"त्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं," मी म्हणाले. "आणि तुलाही. तू मला आवडतोस, जत्मिको. पहिल्या दिवसापासून. वर्षभरात परत ये... नाहीतर तिथे तुझ्या फ्रेमा बांधायला मीच येईन."