अकरा नंबरची रांगणी

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

मी स्वतः भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. आणि माझी मावशी तर त्याहून नाही. ती विद्यापीठात प्राणिशास्त्राची प्राध्यापक. बावीस वर्षं एकाच डोंगरातल्या रानमांजरांवर संशोधन केलेलं. घरात कुणी "मला वाटतं" असं म्हटलं की ही लगेच, "वाटतं म्हणजे? पुरावा काय?" लहानपणी आम्ही भाचरं तिला जाम टरकून असायचो.

तर अशा बाईच्या बाबतीत हे घडलं. दोन वर्षांपूर्वी. नोव्हेंबरची नऊ तारीख, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. विभागाच्या पहिल्या मजल्यावरची शेवटची खोली.

त्या आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रानमांजर दिसत नाही. ते मोजायचं तर जंगलात झाडांना कॅमेरे बांधावे लागतात. समोरून गरम अंगाचं काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. आता कॅमेरा नीट बांधलाय की नाही, हे कसं बघायचं? तर बांधणाऱ्याने स्वतः मांजराच्या उंचीला यायचं, म्हणजे चक्क चार पायांवर, आणि कॅमेऱ्यासमोरून रांगत जायचं. एकदा इकडून, एकदा तिकडून, एकदा समोरून. तीन फोटो आले की झालं काम.

याला मावशीच्या विभागात 'रांगणी' म्हणतात. मोठमोठ्या डॉक्टरेटवाल्यांना चिखलात रांगताना बघून नवीन पोरं खो खो हसतात.

हे रांगणीचे फोटो कुणी बघत नाही. मावशी फोटो निवडायला बसली की तिची बोटं नुसती पळायची. मांजर... ठेवा. हरीण... ठेवा. माणूस रांगतोय... एक बटण, फोटो रांगणीच्या फोल्डरमध्ये. एका फोटोला अर्धा सेकंदही नाही. याचा तिला भारी अभिमान होता.

आणि हे कॅमेरे बांधायचा एक माणूस. सगळे त्याला टेपदादा म्हणायचे, कारण पावलांचे ठसे मोजायची कापडी टेप कायम त्याच्या गळ्यात. शिक्षण जेमतेम, पण मावशी म्हणायची, "माझी अर्धी डॉक्टरेट त्याची आहे."

टेपदादा नऊ वर्षांपूर्वी गेला.

जंगलात एकटाच गेला होता, बॅटऱ्या बदलायला. आठवडाभर तिथल्या झोपडीत राहायचा, फोन लागायचा नाही, त्यामुळे विभागात कुणाला काळजी वाटली नाही. सहाव्या दिवशी शोध सुरू झाला. नवव्या दिवशी सापडला, अकरा नंबरच्या कॅमेऱ्याखाली जो ओढा आहे त्यात. गळ्यातली टेप वाहून गेलेली. काम आटपून परतताना पाय घसरला असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्याच गेले असतील.

त्याची बायको, वहिनी, त्या एका वाक्यावर जगत होती. दर नोव्हेंबरला मावशीला फोन करायची.

"मॅडम, लगेच गेले ना हो ते? त्रास नाही ना झाला?"

"लगेच गेले, वहिनी."

एवढंच बोलणं. मग दोघी थोड्या रडायच्या आणि फोन ठेवायच्या.

आता दोन वर्षांपूर्वीचं.

मावशी बावीस वर्षांचा शेवटचा हिशेब लावत होती, एकूण मांजरं किती. मधल्या काळात फोटो निवडायला एक प्रोग्राम आला होता. रिकामा फोटो आला की तो परस्पर बाजूला टाकायचा. पण त्यात चार-दोन मांजरंही जातायत असं कुणीतरी खुसपट काढलं. मावशीचं डोकं फिरलं. "मीच बघते एकेक," म्हणाली, आणि प्रोग्राम बंद केला.

त्याच दुपारी कॉम्प्युटर वाजला.

टिंग...

'कॅमेरा ११. नवीन फोटो.'

अकरा नंबरचा कॅमेरा वेगळा होता. तो टेकडीच्या माथ्यावर, तिथे नेटवर्क पोचायचं. म्हणून त्याने काढलेला फोटो तिथून थेट मावशीच्या कॉम्प्युटरवर यायचा, लगेच.

फक्त एक गोष्ट होती...

तो कॅमेरा नऊ वर्षांपूर्वीच काढून आणला होता. त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात पडून होता.

मावशीने फोटो उघडला. पायवाट, दगड, वाळलेलं गवत. रिकामं.

टिंग...

पुन्हा तेच. रिकामं. पण गवत मध्येच दबलेलं होतं.

टिंग...

दबलेली जागा थोडी पुढे सरकली होती.

तिने उठून कपाट उघडलं. कॅमेरा तिथेच होता. बॅटरीचा कप्पा उघडा, आत धूळ. सिमकार्डही नव्हतं.

मागे कॉम्प्युटर वाजला. टिंग...

तिच्या हाताखाली एक संशोधन करणारी मुलगी आहे. तिला हाक मारली. ती म्हणाली, "मॅडम, सर्व्हरची काहीतरी गडबड असेल." पण गडबड म्हणावी तर फोटोत गवत दर वेळी नवीन जागी दबत होतं. ती मुलगी बॅग उचलून कधी सटकली, मावशीला कळलंही नाही.

सहा वाजेपर्यंत सतरा फोटो आले. मग थांबले.

मावशी घरी आली ती थेट तिच्या खोलीत गेली. मी तेव्हा तिच्याकडेच राहायला होते. जेवली नाही. रात्रभर तिच्या खोलीत फेऱ्या मारल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती खोली उघडून बसली. आणि फोटो आले. पण आता सावकाश. अर्ध्या तासाने एक... पाऊण तासाने एक... बारा वाजेपर्यंत नऊ. शेवटचा अकरा बावन्नला.

सतरा आणि नऊ. सव्वीस.

सवयीप्रमाणे तिने प्रत्येक फोटोची वेळ वहीत लिहून ठेवली होती. सहज म्हणून तिने जुन्या साठ्यात शोधलं, अकरा नंबर, याच तारखा.

एका वर्षी सापडल्या. टेपदादा गेला त्या वर्षी. सव्वीस फोटो. तीच वेळ. सेकंदसुद्धा तोच...

रांगणीच्या फोल्डरमध्ये.

तिने स्वतःच्या हाताने टाकलेले. न बघता.

मला ती हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज इतका सपाट होता की मला रडू फुटलं. ती म्हणाली, "मला आठवतंय गं. फोटो येत होते आणि मी पोरांना म्हणाले, आज टेपदादाला रांगायची भारीच हौस आलीय. सगळे हसलो आम्ही."

मग तिने पहिला फोटो मोठा करून उघडला.

टेपदादा चार पायांवर. मान खाली. उजवं पाऊल भलत्याच दिशेला वळलेलं. गळ्यातली टेप मांडीला आवळून बांधलेली.

पाचव्या फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघत होता.

अकराव्यात तोंड उघडं. काहीतरी ओरडत होता.

त्याला ठाऊक होतं हा कॅमेरा फोटो थेट कुठे पाठवतो. फोन झोपडीतच राहिला होता आणि त्याला उभं राहता येत नव्हतं. म्हणून तो रांगत समोरून जात होता, परत येत होता, पुन्हा जात होता. तीनदा झालं, दहादा झालं. मॅडम बघतायत, आता कुणाला तरी पाठवतील, म्हणून.

सव्विसाव्या फोटोत फक्त कपाळ दिसत होतं, आणि कॅमेऱ्याकडे धरलेला एक तळहात.

त्या नऊ वर्षांपूर्वीच्या दहा तारखेला सकाळी दहा वाजता वहिनीचा फोन आला होता. "मॅडम, यांची काही खबर आहे का हो? जिवाला घोर लागलाय." आणि मावशीने हसून सांगितलं होतं, "अहो, मजेत आहेत. आत्ताच रांगणीचा फोटो आला त्यांचा."

मावशीने मग एक काम केलं. प्रोग्रामने बाजूला टाकलेले रिकामे फोटो काढून बघितले, मधल्या सगळ्या वर्षांचे.

दर नोव्हेंबरला होते. नऊ तारखेला सतरा. दहाला नऊ. दर वर्षी तो येत होता, आणि दर वर्षी ते फोटो कचऱ्यात जात होते.

मी तिला म्हटलं, "मावशे, वहिनींना नको सांगूस. तुझ्या पाया पडते. सात वर्षं ती बाई एका वाक्यावर उभी आहे. ते तरी राहू दे तिच्याकडे."

"आणि मी परत फोनवर काय सांगू? लगेच गेले?"

"हो."

"माझ्याच्याने नाही होणार."

"आणि तुझी नोकरी? नाव? बावीस वर्षं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली.

वहिनीचा फोन यायच्या आधीच मावशीने त्यांना विभागात बोलावलं. मीही गेले सोबत. वहिनी शाळेत शिवण शिकवतात. साध्या, कमी बोलणाऱ्या. खुर्चीत अंग चोरून बसल्या.

मावशीने काही लपवलं नाही. सगळं सांगितलं, अगदी त्या हसण्यापर्यंत. मग फोटो दाखवले. मला वाटलं, ही बाई आता कोसळणार. नाहीतर मावशीच्या मुस्कटात देणार. दिली असती तर मी मध्ये पडले नसते.

त्यांनी सव्वीसच्या सव्वीस फोटो बघितले. प्रत्येकावर थांबत. शेवटच्या फोटोवर त्यांनी स्क्रीनला बोट लावलं, त्या तळहातावर. बराच वेळ.

मग विचारलं, "मॅडम, तेव्हा तुम्ही कुठे बसला होतात?"

"इथेच. याच खुर्चीत."

"म्हणजे दोन दिवस त्यांना वाटत होतं, तुम्ही बघताय."

वहिनी उठल्या, पदर सारखा केला आणि निघाल्या. दारात थांबून एवढंच म्हणाल्या, "आता तरी बघत जा."

त्या दिवसापासून त्यांचा फोन बंद झाला. कायमचा.

मावशीने विद्यापीठाला सगळं लेखी कळवलं. चौकशी झाली, ताशेरे आले, विभागप्रमुखपद गेलं. बावीस वर्षांच्या त्या हिशेबाचा प्रबंध तिने छापायला दिलाच नाही. एकच विनंती केली, ती खोली आणि तो कॉम्प्युटर माझ्याकडे राहू द्या.

गेल्या वर्षी ती नऊ तारखेला दुपारी चारलाच जाऊन बसली. मी बाहेर व्हरांड्यात होते, आत जायची छाती झाली नाही. दारातून टिंग ऐकू येत होतं, आणि टिंगनंतर मावशीचा आवाज...

"बघतेय, दादा. बघतेय मी."

सतरा वेळा. दुसऱ्या दिवशी आणखी नऊ वेळा.

बाहेर आली तेव्हा घामाने चिंब होती. मी विचारलं, "फोटोत दिसलं काही?"

"नाही. गवतच."

मग म्हणाली, "पण मी पाचव्या फोटोच्या वेळी पाणी प्यायला मान वळवली होती. तो फोटो दोनदा आला."

हे ती ज्या पद्धतीने म्हणाली ना, ते अजून माझ्या कानातून जात नाही.

आता मी हे का लिहितेय ते सांगते. मावशीच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख नोव्हेंबरची नऊ. तिने पुढे ढकलायला सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, जिवाशी खेळ करू नका. तीन दिवसांपूर्वी तिने मला दवाखान्यात बोलावलं आणि खोलीची किल्ली हातात दिली.

"माझ्या जागी तू बस. उठू नकोस. आणि एकही सोडू नकोस."

मी विचारलं, "आणि एखादा सुटला तर?"

तिने डोळे मिटून घेतले.

मी हो म्हणून बसलेय. आज सहा तारीख आहे. तीन रात्री मला डोळ्याला डोळा लागलेला नाही, आणि ज्या दुपारी जागं राहायचंय, त्याच दुपारी मला झोप लागेल की काय, या भीतीने जीव नुसता खालीवर होतोय.