भिंतीवरचा स्वच्छ पट्टा

माणसानं आधी आपल्या घरच्या जिन्याला कठडा लावावा, मग आभाळात डोकं घालावं. माझ्या भाच्यानं नेमकं उलटं केलं. सगळ्या गावाला ग्रिल, फाटकं, कठडे करून देणारा हा वेल्डर. आणि त्याच्या स्वतःच्या गच्चीचा जिना दोन्ही बाजूंनी उघडा.

मी हे रचून सांगत नाही. रचायला शिकलेली माणसं लागतात, मी जेमतेम अक्षराला अक्षर जोडणारी बाई. पण ज्या संध्याकाळी चंद्र लाल उगवला, त्या संध्याकाळी मी त्याच्या शेडमध्ये उभी होते. ज्याला खोटं वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीची. गल्लीत तिला सगळे मोठीआई म्हणतात. वेल्डर तिचा एकुलता एक लेक.

लेकाचं डोकं फिरवलं एका शेपटीवाल्या ताऱ्यानं. तोवर बरा होता. रविवारी चर्चमध्ये उपासनेला जायचा, गाणी बेसूर म्हणायचा, घरी येऊन झोपायचा. तो तारा दिसला आणि याला शेवटचा काळ दिसू लागला. दोन ग्रह जवळ आले की तुतारी वाजायची वेळ झाली. उल्का पडली की बायबलातल्या शेवटच्या काळाचा शिक्का फुटला. पाळकांनी समजावलं, की ती घटका कुणालाच कळवलेली नाही, तुला वेगळा निरोप आलाय का? तर त्यानं पाळकांनाच झोपलेला पहारेकरी ठरवलं आणि आपल्या शेडमध्ये वेगळी मंडळी जमवली.

मोठीआई तिकडे फिरकायची नाही. प्रभू येईल तेव्हा दार वाजवेल, तोवर आभाळाकडे बघत भाजी करपवायची गरज नाही, असं तिचं म्हणणं.

सून मात्र साधी. नवऱ्याचा शब्द तिला शास्त्राइतका खरा. सासूसुनेचं फार गूळपीठ होतं असं नाही, पण सुनेच्या हातचं नीटनेटकं काम मोठीआई मनातून मानायची. तोंडानं कधी म्हणाली नाही, ती गोष्ट वेगळी.

मग भर दुपारी सूर्याला ग्रहण लागलं.

भाच्यानं मंडळीला गच्चीवर उभं केलं. सूर्य काळा होईल, ही खूण आहे, उघड्या डोळ्यांनी बघा; ज्याचा विश्वास खरा, त्याच्या डोळ्यांना काही होणार नाही. लोक शहाणे. एकदा वर बघितलं आणि मग आपापल्या चपलांकडे बघत आमेन म्हणत राहिले.

सून बघत राहिली.

पापणी न हलवता.

मोठीआई वाळलेले कपडे काढायला वर आली तेव्हा सुनेच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्यानं तोंडावर वेल्डिंगचा मास्क ओढला होता. काळ्या काचेचा.

उजेड डोळ्यांचं काय करतो, हे त्या घरात त्याच्याहून जास्त कुणाला ठाऊक होतं?

सुनेच्या डोळ्यांपुढे काळी चकती बसली, ती पुन्हा उठलीच नाही. कडेकडेनं थोडं धूसर दिसायचं, समोरचं माणूस नाही. ती तळवा भिंतीला टेकवून घरभर चालू लागली. सर्र... सर्र... असा बारीक आवाज यायचा. सकाळी चहा द्यायच्या आधी ती मोठीआईच्या तोंडावरून हात फिरवायची. कपाळ, नाक, हनुवटी. मोठीआई वरवर करवादायची, पण तोंड पुढे करायची.

नवऱ्याकडे सुनेनं एकच गोष्ट मागितली. जिन्याला कठडा.

"पुढच्या ग्रहणाला चंद्र रक्तासारखा होईल," तो म्हणाला. "त्याच्या आत आपल्याला वर उचललं जाणार. कठडा कुणासाठी लावू?"

"उचलेपर्यंत पाय टेकायला तरी जागा लागते ना रे," मोठीआई म्हणाली.

तो हसला आणि दुसऱ्या कुणाच्या बाल्कनीचं माप घ्यायला गेला.

एका सकाळी सून चादरी काढायला गच्चीवर गेली. उतरताना पाय कडेबाहेर पडला. मोठीआईनं फक्त धप्प असा आवाज ऐकला.

कबरेपाशी भाचा बोलायला उभा राहिला. तिचा विश्वास कमी पडला, म्हणाला. मोठीआईनं त्याच्याकडे मान वळवूनही बघितलं नाही. मी तिला माझ्या जन्मापासून ओळखते. ती ओरडते तेव्हा घाबरायचं नसतं. गप्प बसते तेव्हा घाबरायचं.

शेड घराला लागूनच. ग्राइंडरची काळी पूड घरातल्या भिंतींवर बसायची आणि सून रोज पुसायची. आता पुसणारं कुणी नव्हतं. भिंती काळवंडत चालल्या.

एके दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी मोठीआईला दिसला...

एक पट्टा.

खांद्याच्या उंचीवर. तळव्याएवढा रुंद. स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी तो पुढे सरकला होता. मग कपाटाला वळसा घालून गेला. मग लेकाच्या खोलीकडे वळला. पावलं नाहीत. चाहूल नाही. शेजारचं मांजर रोज खिडकीत येऊन बसायचं, ते यायचंच बंद झालं.

भाचा म्हणाला, ही सैतानाची करणी. त्यानं भिंतीला रंग दिला. सकाळी उठून बघतो तर ओल्या रंगातही...

तोच पट्टा. त्याच्या खोलीच्या चौकटीपर्यंत.

"कठडा शोधत असेल गं," मी मोठीआईला म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"कठडा काय करायचाय तिला आता?" ती म्हणाली. "माणूस शोधतेय."

ग्रहणाच्या दिवशी तिनं मला बोलावून घेतलं. शेडमध्ये कधी पाय न ठेवलेली बाई त्या संध्याकाळी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. पोटचं पोर एकच. त्याला वाचवायला आली की आणखी कशाला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दिवेलागणीला चंद्र उगवला, तो लालच. गंजलेल्या पत्र्यासारखा. भाच्यानं दिवे घालवले आणि उघड्या शटरमधून त्याच्याकडे बोट दाखवलं. आता हाक येईल, म्हणाला.

आणि...

शटर आपोआप खाली आलं.

डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख.

सर्र...

पत्र्याच्या भिंतीवरून तळवा सरकत होता. दाराकडून आमच्याकडे. सावकाश.

सर्र... सर्र...

मग थांबला.

पहिल्या माणसाचा श्वास अडकलेला ऐकू आला. मग त्याच्या शेजारच्याचा. कुणी ओरडलं नाही. ओरडायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंडावर तर...

माझ्या कपाळाला काहीतरी थंड टेकलं. नाक. हनुवटी. साबणाचा आणि लोखंडाच्या पुडीचा वास आला.

मी नको होते. हात पुढे गेला.

मोठीआईपाशी थांबला.

तिनं मला नंतर सांगितलं, हात तिच्या गालावरून नेहमीसारखाच फिरला. हळू. ओळखीचा. आणि मग गालावरच राहिला. काहीतरी विचारत असल्यासारखा.

लेक तिच्या पाठीमागे दडला होता. तिचे दोन्ही खांदे गच्च धरून. लहानपणी बापाचा मार चुकवायला दडायचा तसाच. मी शेजारी होते, त्याची कुजबुज मला ऐकू येत होती. "आई, तिला सांग मी इथे नाही. तुझं ती ऐकेल."

ऐकलंही असतं. जिवंतपणी सुनेनं सासूचा शब्द कधी मोडला नव्हता. मोठीआईनं एवढं एक खोटं बोलायचं होतं.

पुढे त्या काळोखात काय झालं, ते मला सांगता येत नाही. शटर वर गेलं तेव्हा चंद्र अर्धा पांढरा झाला होता. भाचा खाली बसला होता. जिवंत होता, आजही आहे. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, काही दोष नाही म्हणाले. पण तो भर उन्हात दिवा लावा म्हणतो. बोलता बोलता मधेच मान मागे घेतो... कुणी तोंड चाचपावं तशी. मंडळी पांगली. मी दिवा गेला की दोन्ही हातांनी तोंड झाकून घेते, या वयात, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मोठीआई लेकाला भरवते, न्हाऊ घालते. त्या संध्याकाळबद्दल बोलत नाही. पण तेव्हा काळोखात ती त्याला जे म्हणाली, ते तिथे उभ्या प्रत्येकानं ऐकलं. आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता.

"न्यायाचा दिवस आभाळात शोधत होतास ना? तो दारातून आत आलाय. मी तुझी आई आहे, पण त्याच्या आड मी उभी राहणार नाही. खांदे सोड माझे आणि पुढे हो."