पट्टा बदलणार नाही!

"‘पट्टा’ म्हणजे नक्की काय? एकच अर्थ निवडा. नाहीतर पत्र जाणार नाही," नेमका नावाचा यंत्रमानव म्हणाला.

वैजूचं डोकंच फिरलं. सेरेसवरच्या वसाहतीतून बाहेर जाणारा प्रत्येक संदेश हा नेमका तपासायचा. दहा मिनिटांत अँटेना दुसरीकडे वळणार होती. मग वेस्टावर खाणीत काम करणाऱ्या आईशी तीन महिने बोलणं बंद. आणि हा ठोकळा एका शब्दावर अडून बसला होता!

पत्रात लिहिलं होतं: ‘आई, मी भिंतीवर वाघ काढलाय. त्याचे पट्टे काळे केलेत. झोपताना मी पट्टा बांधते, नाहीतर इथल्या कमी गुरुत्वाकर्षणात कूस बदलली की उसळून पलंगाबाहेर जाते. काळजी करू नकोस, आपण एकाच पट्ट्यात आहोत.’

"वैजू, बदल की तो शब्द," नाना म्हणाले. तिचे हे आजोबा अँटेनाचे शास्त्रज्ञ, त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे. "रेघा लिही, दोरी लिही. वेळ जातोय गं!"

"अजिबात नाही! आईनं शिकवलेला शब्द आहे. यालाच वाचता येत नाही, तर मी का बदलू?"

नेमका एकेक शब्द सुटा काढून तपासत होता. वैजूनं पडद्यावरच्या ‘पट्टे’वर अंगठा दाबून धरला.

"आता सगळं वाक्य वाच. वाघाचे काय काळे केले?"

"अंगावरच्या रेघा."

अंगठा पुढे सरकला. "आणि झोपताना काय बांधते?"

"अंग धरून ठेवणारी पट्टी."

"शब्द तर झाकलेला होता! मग अर्थ कुणी सांगितला?"

नेमक्याचे दिवे लुकलुकले. "शेजारच्या शब्दांनी."

"यालाच संदर्भ (शब्दाच्या आजूबाजूचा मजकूर) म्हणतात!" नाना घड्याळ विसरून ओरडले.

"पण तिसरा?" नेमक्यानं विचारलं. "सेरेस आणि वेस्टा यांच्यात कोट्यवधी किलोमीटर अंतर. मध्ये बांधलेलं काहीच नाही."

वैजू हटली नाही. "इथले लाखो लघुग्रह (सूर्याभोवती फिरणारे खडक) एकमेकांपासून लांब असले, तरी मंगळ आणि गुरूच्या मधल्या याच भागातून फिरतात. म्हणून सगळ्यांना मिळून एकच नाव, लघुग्रहांचा पट्टा. त्यातल्या एकावर माझी आई आहे, दुसऱ्यावर मी. कळलं?"

एक मिनिट उरलं होतं.

"दुरुस्ती नाही," नेमका म्हणाला आणि पत्र गेलं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. नेमक्यानं ते कुठेही न अडखळता मोठ्यानं वाचलं: "वैजू, पट्टा घट्ट बांधत जा. वाघाचे थोडे पट्टे माझ्यासाठी ठेव. मी निघालेय."