शैलाबाईंनी स्वतःविषयी दिलेल्या सूचना

स्वाती निर्दोष ठरली. सासूबाईंनी स्वतः, चार माणसांसमोर, पूर्ण जागेपणी तसं सांगितलं.

असं काही अजून झालंच नाही, असं समजून आपण पुढे जाऊ. कारण त्या रविवारी सकाळी गोडदेवच्या आपल्या घरात ती कुळथाचं पिठलं डब्यात भरत उभी होती, तेव्हा सगळ्या इमारतीत तिच्याइतकी दोषी बाई दुसरी नव्हती. तिचा नवरा जितेश दारात चपला घालून पाठमोरा उभा होता. गेली दोन वर्षं तो तिच्याशी पाठमोराच बोलत असे. आईची शाल घेतली का, असं त्याने दाराला विचारलं, घेतली, असं तिने डब्याला सांगितलं... आणि एवढ्याशा त्या संभाषणाने तिच्या अंतःकरणात जे काही दाटून आलं, ते पिठल्यापेक्षा घट्ट होतं.

खाली फाटकापाशी सोसायटीचे सेक्रेटरी दशरथ भुवड स्कूटर पुसत होते. डब्याकडे बघून त्यांनी, "काय वहिनी, पिठलं का?" एवढंच विचारलं. त्याहून जास्त बोलायची गरज नव्हती. इतिहास सगळ्यांना पाठ होता. दोन वर्षांपूर्वी, भर दुपारी, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, पुन्हा कुळथाचं पिठलं केलंत तर मी या घरात राहणार नाही, असं स्वाती सासूला ओरडून म्हणाली होती; मग मीच जाते, असं सासू त्याहून मोठ्याने म्हणाली होती; आणि आठवड्याभरात शैलाबाई जवळच्याच राई गावी, 'सांजसोबत' नावाच्या वृद्धनिवासात राहायला गेल्या होत्या. पिठल्यावरून सासूला घराबाहेर काढणारी सून, ही स्वातीची कीर्ती थेट मीरा रोडच्या हाटकेशपर्यंत पोचली. एका अनोळखी बाईने तर तिला भाजीच्या गाडीपाशी गाठून, पिठल्यात नेमकं काय खटकलं, याची चौकशी केली होती.

खरं काय घडलं होतं, ते फक्त दोन बायकांना ठाऊक होतं.

त्याच्या आधीच्या महिन्यात शैलाबाई सुनेला घेऊन मीरा रोडच्या एका डॉक्टरकडे गेल्या होत्या. विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर येऊन शैलाबाईंनी उसाचा रस मागवला, पूर्ण ग्लास संपवला, तोंड पुसलं आणि निर्णय सांगितला. त्यांच्या स्वतःच्या सासूला हाच आजार होता. लांज्याकडच्या गावी, एका खोलीत, नऊ वर्षं त्यांनी तिचं सगळं केलं होतं. त्या नऊ वर्षांत त्यांना एकदाही सलग झोप मिळाली नव्हती की कुणी त्यांना नावाने हाक मारली नव्हती. "मी केलं, तेवढं पुरे," त्या म्हणाल्या. "तू करायचं नाहीस."

जागा त्यांनी आधीच हेरून ठेवली होती. सांजसोबत एका धर्मादाय संस्थेचं होतं. नफा कमावणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं, आणि भिंतींच्या रंगावरून ते दिसतही होतं. एका आवारात तीन घरं होती. ज्यांचं सगळं स्वतःला करता येतं त्यांचं घर 'आपलं आपण', ज्यांना अंघोळ-जेवणाला कुणीतरी लागतं त्यांचं 'हाताशी', आणि जे अंथरुणाला खिळलेत त्यांचं 'उशाशी'. एकदा आत गेलेल्या माणसाला संस्था शेवटपर्यंत सोडत नसे, तब्येत ढासळेल तसं एका घरातून दुसऱ्या घरात अलगद नेत असे. अट एकच होती. आत येताना स्वतःच्या पायांनी यायचं आणि स्वतःच्या हाताने सही करायची. बाहेर राहून आजार वाढला की मग प्रवेश नाही.

"म्हणजे आत्ताच जायला हवं," शैलाबाई म्हणाल्या. "दोन वर्षांनी मला दार सापडायचं नाही."

प्रश्न जितेशचा होता. एकुलता एक मुलगा. आईला मलेरिया झाला म्हणून त्याने बारावीचा पेपर सोडला होता, आणि मलेरिया तेव्हा उतरलाही होता. त्याला आजार कळला असता तर नोकरी सोडून तो उशाशी बसला असता आणि आईला कुठेही जाऊ दिलं नसतं. म्हणून त्याला कारण दुसरं द्यायचं ठरलं. कुणावर तरी रागावला की तो जाऊ देईल, असा शैलाबाईंचा हिशेब. आईवर रागवायची त्याला सवय नाही. घरात तिसरं माणूस एकच उरत होतं.

मग त्या दोघींनी तीन दुपारी भांडणाची तालीम केली! स्वातीला भांडणच येत नसे. पिठल्याला नावं ठेवताना तिला रडू फुटायचं, कारण पिठलं चांगलं व्हायचं. शैलाबाई तिला थांबवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. आवाज वर काढ गो, तळमजल्याला ऐकू गेलं पाहिजे, असं सांगत. अखेर जिन्यातला प्रयोग असा काही रंगला की तळमजल्याचेच काय, समोरच्या इमारतीतले लोकही गॅलरीत आले.

जाण्याआधी शैलाबाईंनी सुनेचा हात आपल्या गळ्यावर ठेवून शपथ घातली, की मी 'सुटली' म्हणेपर्यंत जितेशला यातलं अक्षर सांगायचं नाही. स्वातीने ती पाळली. जग बोललं, नवरा पाठमोरा झाला, तरी पाळली. कधीतरी आई 'सुटली' म्हणतील, या एका आशेवर ती प्रत्येक रविवारी पिठलं घेऊन राईला जात राहिली...

आणि शैलाबाई शपथच विसरल्या.

एवढंच झालं असतं तरी स्वातीने सोसलं असतं. पण गेल्या दिवाळीपासून त्यांना भांडण तेवढं आठवू लागलं. तालमी विसरल्या, डॉक्टर विसरले, उसाचा रस विसरला. जिना मात्र लख्ख आठवे. येईल-जाईल त्याला त्या सांगू लागल्या की सुनेने मला पिठल्यावरून इथे टाकलं. सत्याची एकमेव साक्षीदार फिर्यादी पक्षाला जाऊन मिळाली होती, आणि तेही अगदी प्रामाणिकपणे. त्यातच आजार उघड झाल्यावर जितेशने मनाशी ठरवून टाकलं, की घर सुटलं म्हणूनच आई विसरायला लागली. स्वातीने एकदा तोंड उघडलं होतं. हात आपोआप गळ्याकडे गेला, सासूच्या नव्हे, स्वतःच्याच, आणि तिने तोंड पुन्हा मिटलं.

त्या रविवारी शैलाबाईंना 'आपलं आपण'मधून 'हाताशी'मध्ये हलवायचं होतं. म्हणून दोघांना बोलावलं होतं.

राईला पोचल्यावर दिसलं की त्या व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन, कुठेतरी लग्नाला निघाल्यासारख्या बसल्या आहेत. जितेशला त्यांनी ओळखलं, त्याचा चेहरा कुरवाळला. मग त्यांची नजर स्वातीवर गेली. शेजारी सांजसोबतच्या प्रमुख निशिगंधाताई उभ्या होत्या, त्यांना शैलाबाईंनी अगदी शांतपणे, दुकानातली वस्तू दाखवावी तसं बोट करून सांगितलं, "हीच ती. हिनेच मला टाकलंय इथे."

जितेशने पाठ फिरवली... स्वातीने डबा घट्ट धरला. आज 'हाताशी'त गेल्यावर आई आणखी विसरतील. मग हे वाक्य तेवढं उरेल, आपण मरेपर्यंत उरेल, आणि नवऱ्याचा चेहरा आपल्याला पुन्हा समोरून कधी दिसणार नाही, हे तिला त्या क्षणी कळून चुकलं.

निशिगंधाताईंनी कपाटातून एक पाकीट आणलं. संस्थेची ती पद्धत होती. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येकाला एका खोलीत एकट्याने बसवून एक वही देत: पुढे तुम्हाला स्वतःचं काही सांगता येणार नाही, तेव्हा तुम्हाला सांभाळणाऱ्याला काय ठाऊक असायला हवं, ते आत्ताच लिहून ठेवा. वही पाकिटात बंद करून ठेवायची आणि घर बदलायच्या दिवशी नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या घरातल्या मावशींना चहा करायचा असतो, त्यांना कळायला नको का? मावशी पदर खोचून ऐकायला बसल्याही होत्या. अशी काही वही असते, याची स्वातीला कल्पनाच नव्हती.

निशिगंधाताई बातम्या वाचाव्यात तशा सपाट आवाजात वाचू लागल्या.

"चहात साखर दीड चमचा. मी दोन मागेन. देऊ नये.

शेपू मला आवडत नाही. पुढेमागे आवडतो म्हटलं, तर ती मी नव्हे.

अंघोळीला मी घाबरेन. माझ्या सासूबाई घाबरायच्या. आधी नुसते पाय धुवावेत आणि गप्पा माराव्यात. पाय ओले झाले की माणूस बाकीचंही भिजवून घेतो.

जितेश आला की तो जेवलाय का ते विचारावं. मी विचारायची विसरेन."

जितेशने खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

निशिगंधाताईंनी पान उलटलं, आणि त्यांचा सपाट आवाज पहिल्यांदा जरा अडखळला.

"आता सून. माझ्या सासूबाई शेवटी सगळ्या वाडीला सांगायच्या, की शैला मला उपाशी ठेवते. मी भरवत असताना, तोंडात घास असताना सांगायच्या. म्हणजे मीही काहीतरी सांगणार. मी म्हणेन, स्वातीने मला टाकलं. ते खोटं आहे. डॉक्टरांकडून आल्यावर मीच ठरवलं आणि मी माझ्या पायांनी आले. भांडण आम्ही ठरवून केलं. तिला भांडता येत नाही, मला शिकवावं लागलं. पिठलं तिला आवडतं. जितेशने तिच्यावर राग धरला असेल, तो मी धरायला लावला. हे वाचेपर्यंत तिने तोंड उघडलं नसेल, कारण मी शपथ घातली आहे. मला 'सुटली' म्हणायचं भान राहणार नाही, म्हणून आत्ताच लिहिते. स्वाती, सुटली. सुटली. सुटली. शैला महादेव शिगवण."

स्वातीच्या डोळ्यांतून दोन वर्षांचं पाणी आवाज न करता वाहू लागलं. ज्या शब्दासाठी ती इतके रविवार येत राहिली होती, तो पहिल्या दिवसापासून इथेच, पंधरा पावलांवरच्या कपाटात, शाल-स्वेटरांच्या खाली पडून होता...

सगळ्यांत लक्ष देऊन ऐकत होत्या त्या शैलाबाई. वाचन संपल्यावर त्यांनी कौतुकाने मान डोलावली.

"बाई शहाणी दिसते. कोण हो ही?"

"तुम्हीच," निशिगंधाताई म्हणाल्या.

"मी?" शैलाबाईंनी थोडा विचार केला. "मग बरोबरच असणार." आणि स्वातीकडे वळून त्यांनी तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुला भांडता येत नाही म्हणे?"

"नाही, आई."

"मग तुझा काही दोष नाही गो. बस इथे. रडतेस कशाला?"

मावशींनी पिशवी उचलली. शैलाबाई उठल्या, एका हाताला मुलगा, एका हाताला सून, असं त्या आवार ओलांडू लागल्या. 'हाताशी'च्या पायरीशी त्या थबकल्या, स्वातीकडे बोट करून जितेशला हळूच म्हणाल्या, "हिनेच मला इथे टाकलं, माहितेय?"

जितेश थांबला. मग आईच्या डोक्यावरून, समोरून, सरळ स्वातीकडे बघत म्हणाला, "नाही आई. तू चालत आलीस. आणि हिने तुला सोबत केली."

"असं?" शैलाबाई म्हणाल्या, आणि पायरी चढल्या.

दुपारपर्यंत त्यांनी ते आणखी चार वेळा सांगितलं. चारही वेळा जितेशने तेच उत्तर दिलं, आणि दर वेळी त्याचा आवाज थोडा जास्त भरून आला. नव्या खोलीच्या खिडकीतून खाडी दिसत होती. शैलाबाईंनी पिठलं दोनदा मागून खाल्लं आणि मावशींना सांगितलं की हे करणारीला कधी सोडू नका. मावशींनी आज्ञाधारकपणे ते वहीत लिहून घेतलं.

परतताना रिक्षात जितेशने तीनदा बोलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा सिग्नल सुटला, दुसऱ्यांदा रिक्षावाल्याने "भाऊ, पूल से लूँ क्या?" विचारलं, तिसऱ्यांदा काहीच अडथळा नव्हता, तरी त्याला जमलं नाही. एकोणीस वर्षं तो एका कचेरीत आवक-जावक विभागात होता. माणसाला मनातलं सांगायचं तर आधी विषय लिहावा लागतो, असं त्याला प्रामाणिकपणे वाटे. स्वातीने त्याचा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भुवडांना द्यायचा कागद आधी तिच्यासमोर ठेवला आणि ती वाचेपर्यंत समोर उभा राहिला.

प्रति,
मा. सेक्रेटरी, आमची सोसायटी, गोडदेव, भाईंदर पूर्व.

विषय : माझी पत्नी सौ. स्वाती हिच्याविषयी बोलले गेलेले सर्व बोलणे मागे घेण्याबाबत.

महोदय,

गेल्या दोन वर्षांत जिना, लिफ्ट, गच्ची व फाटक या सामाईक जागांत वरील व्यक्तीविषयी जे बोलले गेले, ते पूर्णतः निराधार असल्याचे काल माझ्या मातोश्रींच्या हस्ताक्षरात सिद्ध झाले आहे. तरी सर्व सभासदांनी आपापले बोलणे, ज्या दिवशी बोलले त्या दिवसापासून, मागे घ्यावे व तसा ठराव सूचना फलकावर लावावा. बोलणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव माझे घालावे. मी न बोलता बोललो आहे. तसेच अर्जदाराने पत्नीकडे पाठ करून घालवलेली दोन वर्षे, रविवार व सणवार धरून, त्याच क्रमाने व सुस्थितीत तिला परत मिळावीत, ही नम्र विनंती.