पाय हलले पाहिजेत

भट्टीवरची पाळी संपवून पाववाला खाणीकडे निघाला तेव्हा उजाडायला आलं होतं. सायकलच्या मागे रेकॉर्डची पिशवी आणि भुवयांवर मैदा. मैदा त्याने वाटेत रुमालाने झटकला.

तो कशासाठी चालला होता ते आधी सांगायला हवं. गावाबाहेरच्या बंद दगडखाणीत अधूनमधून रात्री स्पीकर लागायचे. तिकीट नाही, दार नाही, दारावर माणूस नाही. ज्याच्या कानावर पडेल त्याने यावं आणि नाचावं. खाण बंद का पडली हे विचारायला मात्र कुणाला सुचलं नव्हतं. फुकटच्या जागेची कोण चौकशी करतो? संगीत हाऊस. म्हणजे धप्-धप्-धप्-धप् असा एकच ठोका तासन्‌तास चालू, आणि बाकीची सगळी गंमत त्या ठोक्याच्या अवतीभोवती. स्पीकर सुतारबाईंचे. दिवसा त्या लोकांची कपाटं करत आणि उरलेल्या प्लायवुडची कपाटाएवढीच स्पीकरची खोकी. सगळे त्यांना ताई म्हणत. रात्रभर त्यांचा भाचा रेकॉर्ड लावायचा. सकाळची पाळी पाववाल्याची, कारण त्या वेळी टक्क जागं असायची सवय त्या एकट्यालाच होती.

अडचण एवढीच होती की पाववाल्याने रेकॉर्ड लावली की लोक मोटरसायकलच्या किल्ल्या शोधायला लागत.

पहिल्यांदा झालं ते थंडीच्या नावावर खपलं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा भाचा सगळ्यांदेखत म्हणाला, "मावशी, उद्या पोलीस आले ना खाण रिकामी करायला, तर त्यांना सांग, त्यासाठी आमचा घरचा माणूस आहे!"

म्हणून आज तो खाणीत पोचताच ताईंनी अट घातली. जनरेटरशेजारी उभं राहून, डिझेलचे हात फडक्याला पुसत त्या म्हणाल्या, "हे बघ, पाववाल्या. गर्दी मागत नाही मी. पण मी आवरायला घेईपर्यंत समोर पाय हलले पाहिजेत. आज नाही हलले तर यापुढे सकाळही भाच्याची. मग तू आपला ये, नाच, वायरी गुंडाळ आणि जा घरी."

"बरं ताई," एवढंच तो म्हणाला. एरवीही तो एवढंच म्हणायचा. भट्टीवर मालकाला बरं, घरी आईला बरं. बाकी जे काही बोलायचं होतं ते त्या पिशवीत होतं. हा सकाळचा वेळ गेला असता तर ते बोलायला त्याच्याकडे दुसरी जागा नव्हती.

त्याने हेडफोन एका कानाला लावला, पहिली रेकॉर्ड ठेवली आणि मान खाली घातली.

सुरुवात वाईट नव्हती. वीसेक जण होते. मग एका मुलीने जांभई दिली, आणि जांभई म्हणजे संसर्गच. एकाने जॅकेट शोधलं. दुसऱ्याने त्याला शोधायला मदत केली आणि दोघंही गेले. त्यातच खाणीच्या तोंडाशी रेंगाळणारं धुकं कडेकपारीवरून खाली उतरायला लागलं. ओल्या दगडाचा, गंजलेल्या लोखंडाचा वास आला. मोटरसायकली एकेक करत सुरू झाल्या. भाचा जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारून गेला. "मी निघालो रे. पाय सापडले तर कळव."

धुकं रेकॉर्डच्या टेबलाच्या कडेपर्यंत येऊन थांबलं. पलीकडे काही दिसेना. पुढची रेकॉर्ड लावताना तो मनातल्या मनात म्हणाला, थांबा कुणीतरी. कुणीही चालेल.

रेकॉर्ड सुरू झाली. त्याने भीतभीत वर पाहिलं.

धुक्यात डोकी हलत होती.

धूसर, एकाआड एक, खाली-वर, खाली-वर. दहा असतील, वीस असतील… मागे आणखीही असावीत. पाववाल्याचा विश्वास बसेना. म्हणजे गेले ते गेले, पण राहिलेही होते की! गुपचूप, शिस्तीत नाचत होते. ना शिट्ट्या, ना आरडाओरडा. समजूतदार मंडळी दिसतात, त्याला वाटलं. त्याला आवडलंच ते. तो स्वतःही तसाच नाचायचा.

मग तो जो सुटला! जी रेकॉर्ड लावायचा आजवर धीर झाला नव्हता ती त्याने लावली. तिच्यावर दुसरी अशी अलगद चढवली की सांधा कळू नये. डोकी वाढत गेली. शेवटी त्याने ठरवलं, आता ती युक्ती करायची.

हाऊस लावणारा प्रत्येक जण ही युक्ती करतो. ऐन रंगात बेसचं बटण उलटं पिळायचं. ठोका नाहीसा होतो, वरचे सूर तेवढे तरंगत राहतात आणि माणसं अधांतरी लटकतात. मग बटण परत सोडायचं. लोक किंचाळतात. भाचा ही युक्ती चहात साखर टाकावी तशी करायचा. पाववाल्याने कधीच केली नव्हती, कारण लटकवायला समोर कुणी असावं लागतं.

त्याने बटण पिळलं.

धप्. धप्. धप्. धप्.

बटण बिघडलं असेल, म्हणून त्याने ते आणखी पिळलं. मग आवाजच पुरता खाली आणला. सूर गेले. ठोका तसाच.

धुक्यातून ताई आल्या. "गाणं कुठं गेलं? नुसता ठोका काय लावून ठेवलायस?"

"मी नाही लावला…"

"बंद कर तो."

"बंदच आहे, ताई."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग आपण केलेल्या खोक्याच्या जाळीवर तळहात ठेवला. तो त्यांनी ठेवला तसाच उचलला. आतला स्पीकरचा पडदा गप्प होता. आवाज खालून येत होता, जमिनीतून, चपलांच्या तळव्यातून गुडघ्यात.

दोघांनी टेबलापुढे वाकून पाहिलं. खाणीतली ओली दगडी भुकटी तिथे चिखलासारखी पसरली होती. तिच्यात आधी टाच उमटायची, मग चवडा, मग पाच बोटं. अनवाणी. वर काहीच नव्हतं. शेजारी दुसरं पाऊल, मोठं, रुंद. त्या दोन पावलांच्या मध्ये एक इवलंसं, तेही ठोक्यात.

"बाई गं…" ताई पुटपुटल्या.

मग पाववाल्याने आयुष्यातलं सगळं धाडस एकवटून तोंड उघडलं.

"ताई… पण पाय हलतायत."

"काय?"

"तुमची अट. समोर पाय हलले पाहिजेत, म्हणालात. हलतायत ना…"

"अरे मेल्या, माणसांचे म्हणाले होते मी!"

"माणसांचे असं नव्हतं म्हणालात."

"ते काय सांगावं लागतं? सामान आणायला पाठवलं तर जिवंत माणसाच्या दुकानातून आण, असं सांगते का मी तुला?"

"मग हे धरायचे नाहीत का?"

ताई उत्तर देणार होत्या. तेवढ्यात ठोका थांबला. सगळी पावलं एकाच वेळी थांबली. टेबलाच्या कडेला, डावीकडून, उजवीकडून, अगदी कानाशी गार वाफ आल्यासारखी कुजबुज आली…

"आणखी एक…"

ताईंनी पाववाल्याचं मनगट धरलं. "लाव," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "वाद घालू नकोस. लाव."

त्याने लावली. सुई रेकॉर्डवर टेकता टेकेना. पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या पोटात आणखी काहीतरी होतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटत होती. भाच्याला दर वेळी 'आणखी एक' मिळायचं. पाववाल्याला हे पहिलंच. त्याचे पाय लटपटत होते, पण ठोक्यात लटपटत होते. ताई डोळे मिटून खोक्याला टेकल्या होत्या, आणि त्यांचाही अंगठा, त्यांच्या नकळत, जाळीवर ताल धरत होता.

ती झाली, आणखी एक झाली. त्यानंतरही एक. मग जनरेटर दोनदा ठसकला आणि बंद पडला. डिझेल संपलं होतं.

शांतता झाली. पाववाल्याला वाटलं, आपण काहीतरी म्हणायला हवं. गाणं संपल्यावर भाचा म्हणायचा. माईक चालू नव्हता, तरी सवयीने तो हातात धरून त्याने मान खाली घातली.

"संपलं…" तो म्हणाला. "थांबलात… बरं वाटलं."

धुकं विरायला लागलं. ऊन आधी वरच्या कड्यावर आलं, मग उतरत उतरत खाणीच्या तळाशी. तळ रिकामा होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती पावलं होती.

उन्हात ताईंचा जीव जागेवर आला आणि जीवाबरोबर आवाजही. "समोर कातळ आहे ना, त्याचा घुमारा. धुक्यात घुमारा लांबतो. आणि ही पावलं काय, रात्रीचीच."

"रात्री कुणीच अनवाणी नव्हतं, ताई."

"वायरी गुंडाळ!"

तो वायरी गुंडाळायला लागला. ताई बडबडत होत्या, गप्प बसवत नव्हतं त्यांना. या पार्ट्यांचा रिवाजच आहे, त्या म्हणाल्या, शेवटपर्यंत नाचतो त्याने सामानाला हात लावायचा, पण आजकालची मंडळी नाचून पसार होतात, खोकी उचलायची वेळ आली की एकेकाची कंबर धरते. असं म्हणत त्यांनी सगळ्यांत मोठ्या खोक्याचं एक टोक पाठीमागे हात घेऊन पकडलं आणि टेम्पोकडे तोंड करून हाक दिली, "चल, उचल!"

पाववाला लांब, जनरेटरपाशी होता. दोन्ही हातांत वायरीचं भेंडोळं. "आलो, ताई…" म्हणेपर्यंत खोकं उचललं गेलं होतं.

दोन्ही टोकांनी. अगदी सरळ.

"हां, अस्सं," ताई पुढे चालत म्हणाल्या. "आज ताकद आली बघ तुझ्यात. एरवी तुझी बाजू घसरते."

भेंडोळं हातातून सुटून पायावर पडलं. खोकं ताईंच्या मागोमाग उन्हातून चाललं होतं, आणि त्याच्या मागच्या टोकाखालच्या भुकटीत पावलं उमटत होती. बरीच. दाटीवाटीने, एकमेकांना सांभाळून घेत.

"आणि ऐक," ताई मागे न बघता म्हणाल्या. माणसाला तोंडावर चांगलं म्हणायची त्यांना सवय नव्हती. "काय असेल ते असो, आज चांगलं लावलंस. सकाळ तुझीच. पुढच्या वेळीही इथंच, तूच लावायचं. येशील ना?"

खोक्याच्या मागून चार-पाच जण एकदम म्हणाले, "बरं, ताई."