कातळडोहाचं पाणी

उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या उधाणाला कातळडोहाचं पाणी गोड राहतं की खारं होतं, एवढंच बघून यायचं होतं. त्यासाठी वैशाखी अवसेच्या सकाळी कान्हूने धरमतरच्या खाडीत होडी लोटली. साल होतं एकोणीसशे पंच्याण्णव. होडीत पेणच्या पाणीपुरवठा कचेरीतले कमळाकर साहेब बसले होते, आणि मांडीवर तान्हं मूल घ्यावं तशी त्यांनी एक लाकडी पेटी घेतली होती. पेटीत पाण्याचा खारेपणा मोजायचं यंत्र होतं. बुटांत चिखल जाऊ नये म्हणून साहेबांनी पाय वर धरले होते. किती वेळ धरतात ते कान्हू गमतीने बघत होता.

पण त्याच्या मनात गंमत फारशी उरली नव्हती. त्याचं देवखार गाव खाडीच्या काठावर. पुढे भातखाचरं, मागे मिठागरं, आणि प्यायला थेंब नाही! नदीकाठी सरकारने पूर्वी बांधलेल्या विहिरीत खाडी हळूहळू शिरली आणि गावचे नळ खारं पाणी ओकू लागले. मग बायका होडीने पलीकडे जाऊन त्यातल्या त्यात बऱ्या पाण्याचे हंडे भरून आणू लागल्या. गेल्या शिमग्यानंतर अशीच एक भरली होडी उलटली. बाकीच्या बायका वाचल्या. कान्हूची बायको धोंडुबाई तेवढी परत आली नाही. आता त्याच होडीत सून किमया बसत होती, आणि तिला सहावा महिना लागला होता.

नवी विहीर कातळडोहाशी खोदायची ठरली होती. डोह रोह्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी, नदीच्या खूप आत. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती मंद असताना, तिथलं पाणी गोड निघालं होतं. आज उधाणालाही गोड निघालं की पाऊस सरताच काम सुरू! गावच्या पाणीसमितीचा प्रमुख कान्हूच होता. जागेला गावाची संमती त्याच्याच तोंडून जायची होती.

भरती पाठीशी होती, म्हणून होडी सुसाट निघाली. दोन्ही काठांनी तिवरांची दाटी, मुळांशी चिखलात लपणारी खेकड्यांची पिल्लं, आणि वर तापलेलं पांढरं आभाळ. खाडी अरुंद होत होत नदी झाली. तिथल्या कातकरवाडीतला मंगळ्या आणि त्याची बायको भागी वाट दाखवायला होडीत चढली. मंगळ्याने साहेबांच्या बुटांकडे बघितलं आणि हसू दाबत म्हणाला, "सायेब, ते काडा. पान्यात परलात तं ते तुमाला खाली नेतील."

साहेबांनी बूट काढले. बरं झालं काढले!

पुढच्या वळणावर नदी वरून येत होती आणि उधाण खालून. दोन्ही पाणी समोरासमोर भिडलं होतं आणि मधोमध भोवरा फिरत होता. कान्हूने आयुष्यभर होडी हाकली होती. काठाने जायचं त्याला कळत होतं. पण काठाने गेलं तर वेळ जाणार, आणि भरतीचा माथा निसटला की सगळी खटपट फुकट. अति घाई संकटात नेई, हे का त्याला ठाऊक नव्हतं? तरी त्याने होडी मधूनच घातली.

"कान्हूदादा, काठानं!" मंगळ्या ओरडला.

उशीर झाला होता. होडी गरकन फिरली. एका पडलेल्या झाडाला धडकली. कलंडली! सगळे पाण्यात!

कान्हू वर आला तेव्हा साहेब एका फांदीला लोंबकळत होते. मंगळ्याने उलटी होडी धरली होती. पेटी हातभर अंतरावरून वाहत चालली होती. कान्हूने तिच्याकडे झेप घेतली, आणि तेवढ्यात त्याला भागीचा हात दिसला. नुसता हात! तिचं लुगडं बुडालेल्या फांद्यांत अडकलं होतं. पोहणारी बाई, पण पाणी तिला वर येऊ देत नव्हतं.

कान्हूने पेटीकडे पाठ फिरवली. श्वास कोंडला. बुडी मारली! अंधारलेल्या पाण्यात चाचपडला. कापड हाताला लागलं. ओढलं. फाटेना! कमरेचा कोयता काढून त्याने ते कापलं आणि भागीला केसांना धरून वर आणलं.

काठावर पडून ती खोकत होती. कान्हू तिच्याजवळ बसून ढसाढसा रडू लागला. मंगळ्याला वाटलं, भीतीने रडतोय. धोंडुबाई गेली त्या दिवशी कान्हू मिठागरावर होता आणि त्याच्या हाती काहीच नव्हतं, हे मंगळ्याला कोण सांगणार?

पेटी गेली ती गेलीच.

"आता मोजायचं कशाने?" साहेब कपाळाला हात लावून बसले.

"जिबंनं," कान्हू डोळे पुसत म्हणाला. "आमी मिठातलीच मान्सं. खारं आमाला कलनार नाय तं कोनाला?"

होडी सुलटी करून, वल्ही मारून मारून खांदे भरून आले तेव्हा कातळडोह आला. काळ्या दगडांत पसरलेलं निवांत पाणी. उधाण आता माथ्यावर होतं. कान्हू वाकला, ओंजळ भरली आणि डोळे मिटून प्यायला.

"गोड!" तो ओरडला. "सायेब, गोड हाय! साकर हाय नुसती!"

साहेबांनी चूळ भरली, पण नदीत गटांगळ्या खाऊन त्यांचं तोंड आधीच खारावलेलं. त्यांना काही समजेना. कान्हू मात्र गुडघाभर पाण्यात नाचत होता. अजून एक पावसाळा, मग दारात नळ! किमयाला होडीत बसायला नको!

जन्मभर डोंगरातलं पाणी प्यालेल्या भागीने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थूऽ करून टाकलं.

"खारं हाय, दादा."

"काय बोलतेस गो? नीट पी."

मंगळ्या प्यायला. त्यानेही थुंकून टाकलं. बायकोकडे बघितलं, मग मान खाली घातली. "माज्या बापाच्या टायमाला हितं खारं येत नव्हतं, दादा. आता येतं."

कान्हू पुन्हा प्यायला. पुन्हा प्यायला. त्याला ते गोडच लागत होतं. आणि मग त्याच्या लक्षात आलं. जन्मभर मचूळ पाणी पिऊन त्याची जीभच मेली होती. खाऱ्यापेक्षा जरा कमी खारं, त्यालाच तो गोड म्हणत आला होता. एकटा तो नव्हे, सगळं देवखार. तोंडाशी आलेला घास गेला, आणि तो नेला कोणी, तर नुकताच त्याने जिचा जीव वाचवला होता तिने. भागीवर रागावताही येईना.

साहेब म्हणाले, "कान्हूदादा, मी आहे तेच लिहीन. पण उधाणाचे मोजके दिवस पंप बंद ठेवू, असंही लिहिता येईल. गाव हो म्हणालं तर विहीर इथेच होईल."

"आनि फुडं?"

"पुढे खाडी अजून वर येणार. समुद्र चढतोय, उन्हाळ्यात नदी बारीक होत चाललीय. योजना तीस वर्षांसाठी असते. तुमचं नातवंड संसाराला लागेल तेव्हा या विहिरीत मीठच असेल."

"आनि वरती जागा बगितली तं?"

"पाइप लांबणार, जंगलखात्याची परवानगी. चार-पाच वर्षं सहज जातील."

चार-पाच वर्षं किमया होडीत. हो म्हणायला त्याची जीभ उचललीही होती. पण जुन्या विहिरीच्या वेळी पुढचं कोणी बघितलं असतं तर धोंडुबाई आज चुलीशी असती, हा विचार त्याला सोडेना.

"वरती चला," तो म्हणाला.

डोहाच्या वर नदी उभ्या कातळावरून उतरते. मंगळ्या पुढे चढला. दगड तव्यासारखे तापलेले. साहेबांचे अनवाणी पाय सोलवटले. एकदा कान्हूच्या पायाखालचा धोंडा सुटला, आणि या वेळी भागीने त्याचं मनगट घट्ट धरलं. चौघेही धापा टाकत वर पोहोचले.

तिथे उंबराच्या सावलीत पाणी साठलं होतं. बारीकशी धार, पण जिवंत. हा कातळ चढून यायला कुठल्याच उधाणाला जमणार नव्हतं. भागी प्यायली आणि हसली. मंगळ्या म्हणाला, "आमच्या कातकरवारीलाबी नल द्या हां, सायेब. पानी आमच्या दारावरनं नेताय."

"देणार. आधी तुमचाच," साहेब म्हणाले.

कान्हू प्यायला. थंडगार पाणी घशाखाली उतरलं, पण चव म्हणून लागेना. अळणी! मीठ विसरलेल्या भातासारखं. त्याने परत ओंजळ भरली, तरी तेच. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाला गोड पाणी मिळालं होतं आणि ते त्याला गोड लागत नव्हतं.

"कसं हाय, दादा?" भागीने विचारलं.

"मला नाय कलत गो," कान्हू म्हणाला. "तुमी गोड म्हंता ना? मंग असंल. माज्या नातवाला कलंल."

त्याने कोयत्याने उंबराची फांदी छाटून तिला टोक काढलं, विहिरीच्या जागेची खूण म्हणून पाण्याच्या काठाला रोवली आणि धोंडा उचलला. प्रत्येक घावाला त्याला किमया होडीत चढताना दिसत होती, आणि तरी खुंटी पक्की बसेपर्यंत तो ठोकत राहिला.